घेवड्याचं सासर

सातारा-सांगलीकडे लोक डोंगर बघायला जातात, पठारावरची फुलं बघायला जातात. मी गेले ती वाळलेल्या हरभऱ्याची तीन झाडं वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि आता लपवून उपयोग नाही म्हणून खरं कारणही सांगून टाकते. मला माझ्या जावेविरुद्ध पुरावा हवा होता.

वाशीम जिल्ह्यातलं आमचं गाव. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळा बघतात आणि शेती मी बघते. विहिरीजवळच्या वावरात तीन वर्षांपासून हरभरा फुलावर आला की वाळू लागतो. आधी पानं पिवळी पडतात, मग शेंडा मान टाकतो, आणि चार दिवसांत झाड खडखडीत होतं. आमच्याकडे याला मर म्हणतात आणि कपाळाला हात लावून गप्प बसतात. मला गप्प बसता येत नाही. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, माझ्या धाकट्या जावेचं, शोभाचं वावर आहे. ती पाणी देते तेव्हा कधी कधी धुरा फुटून ओंजळभर पाणी माझ्याकडे येतं. रोग त्या पाण्यातूनच आला हे मी ठरवून टाकलं. ठरवलं ते ठरवलं, आणि दोन वर्षं जवळजवळ रोज तिच्या वावरात जाऊन तिला ते ऐकवलं. गेल्या रब्बीत तिचाही हरभरा वाळायला लागला, तेव्हा तर मी म्हणाले, "पाह्य, तुह्याच पाण्यानं तुह्यंही गेलं!" ती काही बोलली नाही. शोभा बोलत नाही याचाच मला जास्त राग येतो.

यंदा मास्तर म्हणाले, "आता हरभरा मेला तर ते वावर मक्त्यानं देऊन टाकू. तुझं रोजचं भांडण तरी मिटेल." लग्नानंतर मी स्वतःच्या हातानं पेरलेलं पहिलं वावर ते. दुसऱ्याच्या हातात द्यायला मी तयार नव्हते.

आमचा कडधान्यवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सांगलीकडचे एक निवृत्त सुभेदार नाना मुळांच्या रोगांवर लांबलचक बोलून पाठवतात. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "फोनवर रोग कळत न्हाई वैनी. या, बगा, आणि मंग भांडा." भांडणाचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. माझ्या आवाजावरून ओळखलं असावं. पोळा झाला आणि मी अकोल्याहून गाडीत बसले.

वाळवा तालुका: गेटवरची ताटली

नाना मला घ्यायला जीप घेऊन आले होते. त्यांच्या गावापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे नजर टाकली की क्षितिजापर्यंत जाते. इथे ती दहा पावलांवर उसाला अडकते. पहिले दोन तास मला कोंडल्यासारखंच झालं. मग उसाच्या पोटातून अचानक सोयाबीन निघालं, गुडघ्याच्या वर, काळंभोर हिरवं, आणि मी जीपमधूनच "थांबवा" म्हणाले.

नानांच्या रानाला लोखंडी गेट आहे. मी पिशवीतलं पुडकं काढून उत्साहानं आत शिरणार तोच नाना आडवे आले.

"थांबा वैनी. ते पुडकं आत न्यायचं न्हाई. हितंच उगडा."

"तीनच तर झाडं आहेत नाना. तीही गेल्या रब्बीची वाळकी."

"म्हनूनच. झाड वाळलं म्हंजी रोग मेला असं न्हाई. ह्यो मातीत वर्सानुवर्सं दबा धरून बसतोय. हितं चेकिंग समद्यांचं हुतंय."

गेटच्या बाजूला एक पत्र्याची ताटली आणि चाकू ठेवलेला होता, खास त्याच कामासाठी. नानांनी एक झाड ताटलीत घेतलं आणि मुळाजवळचं खोड उभं चिरलं. आत मधोमध काळसर तपकिरी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी सरळ.

"ही बगा. झाडाची पाण्याची नळीच बंद झालीया. रानात वल असून झाड तहानेनं मेलंय. मुळाशी पांढरी बुरशी आणि मव्हरीवानी दानं दिसलं असतं तर रोग येगळा, त्याचा इलाज येगळा. आधी चिरून बगायचं, मंग बोलायचं."

तीन वर्षं माझा हरभरा मरत होता आणि मी एकदाही झाड चिरून पाहिलं नव्हतं. शोभाला तेवढं रोज चिरलं. नानांनी ती झाडं गेटबाहेरच जाळली आणि मला साबणानं हात धुवायला लावले.

आत गेल्यावर मात्र मी नुसती बघत राहिले. सोयाबीन रुंद गादीवाफ्यांवर, मधून सऱ्या. दोन दिवस पाऊस झाला होता तरी मुळाशी थेंब साचलेला नव्हता. गोठ्याच्या भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं प्रत्येक रानाची जंत्री. कुठं कोणत्या साली काय होतं आणि पुढच्या साली काय असणार. एकाच रानात कडधान्य पाठोपाठ नाही. मधे मका, ज्वारी किंवा ऊस आलाच पाहिजे. मी मनात माझ्या वावराचा फळा लिहून पाहिला. सोयाबीन, हरभरा, सोयाबीन, हरभरा, सोयाबीन, हरभरा. रोगाला मी बारा महिने जेवायला घालत होते.

नानांच्या पत्नी, मंगलवहिनी, ट्रायकोडर्मा तयार करतात. ही रोगाच्या बुरशीला खाणारी चांगली बुरशी. जुनं कुजलेलं शेणखत सावलीत पसरायचं, त्यात ती मिसळायची, ओल्या पोत्यांनी झाकायचं आणि अधूनमधून खालीवर करायचं. त्यांनी पोतं उचललं तर शिळ्या भाकरीवर चढतो तसा हिरवट थर होता. "भाकरीवर आला तर फेकून देतो," वहिनी हसून म्हणाल्या, "आणि हितं आला की जीव भांड्यात पडतुया." पेरणीआधी बियाण्याला तीच चोळतात आणि हे खत सरीत टाकतात. त्यांनी माझ्यासाठी एक पोतडी भरून ठेवली.

संध्याकाळी भाकरी, खर्डा आणि भरल्या वांग्यावर मी माझा मुद्दा काढला. "पण नाना, पाण्यातून येतोच ना हा रोग? शेजाऱ्याच्या पाण्यातून?"

"येतोय की." मी सरसावून बसले. नानांनी वही आणि पेन पुढं सरकवलं. "वावराचा नकाशा काडा. कुटं कुटं झाडं मेली ते दावा."

मी चौकोन काढला. विहीर, धुरा, शोभाचं वावर, पलीकडे रस्ता. मग मेलेल्या झाडांचे ठिपके. विहिरीजवळ मोठा पट्टा, तिथून निघालेली एक बारीक नागमोडी ओळ धुऱ्यापर्यंत. शोभाच्या बाजूचे ठिपकेही काढले, कारण तिचं वाळलं तेव्हा मी फार बारकाईनं पाहिलं होतं. नानांनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"पानी उताराला पळतंय वैनी. आसं वाकडंतिकडं हिंडत न्हाई."

"मग कशानं?"

"तुमचं रान, तुमी सांगा." आणि त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. मला त्यांचा थोडा रागच आला. एवढ्या लांबून पुराव्यासाठी आले आणि हा माणूस मलाच प्रश्न विचारतो.

माणच्या वाटेवर

नानांची थोरली बहीण कोरेगाव तालुक्यात असते. तिचा घेवडा बघायचाच, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. जीपमध्ये मी, नाना आणि माझी पोतडी. कराडजवळ मलकापूरला एका ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. आमच्याकडे मसूर म्हणजे आजारी माणसाची डाळ. इथे तो सालीसकट, लाल तर्रीत, कांद्याबरोबर ताटात येतो आणि माणसं घाम पुसत दुसऱ्यांदा मागतात. मीही मागितला.

मग वळसा घालून माण तालुक्यात शिरलो आणि ऊस एकदम संपला. उघडी माळरानं, बाजरी, मटकी, हुलगा म्हणजे कुळीथ, आणि लांबवर मेंढरं. माझी नजर सुटली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. दहिवडीच्या अलीकडे नानांच्या जुन्या सोबत्याचं घर होतं. सोबती मुंबईत, शेती त्यांच्या पत्नीकडे. त्यांनी हुलग्याचं माडगं दिलं, गरम, लसणाचं. ताक घातलेल्या कढीपेक्षा दाट आणि मातीच्या वासाचं. मी त्यांना विचारलं, इथे मर येत नाही का?

"येती की. पन उन्हाळ्यात रान खोल नांगरून उघडं टाकतो. वैशाखाचं ऊन खातंय दोन म्हयने. मंग मेंढरं बसवतो लेंडीसाठनं." त्या हसल्या. "पाऊस आमाला दगा देतोय. ऊन कवा न्हाई देत. जे हाय ते वापरायचं."

ऊन आमच्याकडे काय कमी आहे? त्याला शिव्या देण्यापलीकडे आम्ही त्याचं काही केलं नाही.

कोरेगाव तालुका: आक्कांचं रान

नानांच्या बहिणीला सगळं गाव आक्का म्हणतं. सत्तरीच्या आसपास, सडपातळ, नऊवारीचा काचा घट्ट, चालणं माझ्या दुप्पट वेगाचं. तिच्याकडे वाघ्या घेवडा असतो, दाण्यावर पट्टे असलेला. रात्री त्याचीच आमटी होती. दाणा शिजून लोण्यासारखा, पण साल फुटलेली नाही. मी तीन वाट्या घेतल्या आणि आक्का म्हणाली, "लाजू नगंस, अजून हाय."

सकाळी रानात गेलो. बांधावरच्या बाभळीच्या खुंटाला प्लास्टिकच्या चपलांचे तीन जोड टांगलेले, खाली पाण्याची बादली, साबण आणि चुन्याचं घमेलं. आक्कानं आधी मला मोठं रान दाखवलं. शेंगा भरत आल्या होत्या. हे बियाण्याचं रान. गावातल्या आठ घरांचं पुढच्या सालचं बी यातून जातं. त्या घरांनी बाजारचं बी घेणं सोडलंय, कारण आक्काचा घेवडा मरत नाही.

"का मरत नाही?"

"चल, सासर दावते."

कोपऱ्यात एक छोटा तुकडा होता, चारी बाजूंनी चर खणून वेगळा केलेला. तिथे निम्मी रोपं वाळलेली, काही पिवळी, आणि मधेच एखादं रोप असं हिरवं की आजूबाजूला मरण चाललंय याचा त्याला पत्ताच नसावा. त्या हिरव्या रोपांना लाल दोरा बांधला होता.

"ह्यो तुकडा लय वर्सांपास्नं रोगट हाय. सासऱ्यांनी सोडून दिल्याला. मी म्हनलं, सोडायचा कशाला? दर साली हितंच मूठभर पेरते. जे रोप ह्या सासरात टिकलं, ते कुटंबी टिकतंय. त्याचंच बी मोठ्या रानात पेरायचं. शेंग मातीला टेकलेली मातूर घ्यायची न्हाई, आन् बी धुवून, वाळवून, ते हिरवं औषध चोळून मगच."

ज्या तुकड्याला मी नशिबाला शिव्या देत पडीक टाकलं असतं, त्याची या बाईनं परीक्षेची जागा केली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणजे मी पडलेच, आणि तिनं "आगं रोपं तुडवशील" म्हणून मला उठवलं.

सासराचे नियम कडक. आधी चांगल्या रानातलं सगळं काम, सासरात नेहमी शेवटी. आत जाताना टांगलेली चप्पल, बाहेर येताना ती बादलीत धुवायची, चुन्यात बुडवायची आणि परत खुंटाला. सासरातली माती बाहेर येता कामा नये. मी मान डोलावली. चपला घातल्या. आत जाऊन आक्काबरोबर दोरे बांधायला लागले. रिमझिम होऊन गेली होती, चिखल चपलांना ढेकळासारखा चिकटत होता.

तेवढ्यात मोठ्या रानापलीकडच्या बांधावर, माझ्या पिशवीत, फोन वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मास्तर कधी तिसऱ्यांदा करत नाहीत. काहीतरी झालंय असं मनात आलं आणि मी चर ओलांडून तशीच धावत सुटले. मोठ्या रानातून.

"आगं थांब! थांब तितंच!"

मी थांबले, रानाच्या बरोबर मधे. मग काय झालं ते लक्षात आलं आणि घाबरून मागं वळले. मागं वळले ते वेगळ्याच ओळीतून. म्हणजे बियाण्याच्या रानात आता माझ्या चिखलाच्या दोन वाटा होत्या. फोनवर कुठली तरी बाई नवीन योजना सांगत होती, हे नंतर कळलं.

आक्का ओरडेल म्हणून मी डोळे मिटले. ती ओरडली नाही. बांधावर टेकली. मग म्हणाली, "आठ घरांचं बी हाय गं ते."

यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती उठली. "रडू नगंस. चपला बादलीत टाक आन् काड्या गोळा कर." माझ्या प्रत्येक पावलाशी तिनं एक काडी रोवली. खुरपं आणि दोन घमेली दिली. पाऊल उमटलंय तिथली माती खुरप्यानं उचलायची, एका घमेल्यात भरून सासरात नेऊन टाकायची. दुसऱ्या घमेल्यात मंगलवहिनींनी मला दिलेलं हिरवट खत. ते मूठमूठ त्या खड्ड्यात. माझ्या पोतडीतलं निम्मं खत असं माझ्याच पावलांत गेलं. हे सगळं गुडघ्यावर बसून, रोपांची मुळं न दुखवता. नाना मदतीला येत होते तर आक्कानं त्यांना बांधावरच थोपवलं. "तिची पावलं हायेत. तीच काडंल."

दुपार टळत आली. कंबर मोडली होती. मी मागं वळून पहिल्या वाटेवरच्या काड्यांकडं पाहिलं. सासरापासून निघालेली, रोपं चुकवत जाणारी एक बारीक नागमोडी ओळ.

ही ओळ मी पाहिली होती. मीच काढली होती.

हात पदराला पुसून मी पिशवीतून नानांनी दिलेला कागद काढला. विहिरीजवळचा मेलेला पट्टा, आणि तिथून धुऱ्याकडे जाणारे ठिपके. ती माझी रोजची पायवाट होती. मी विहिरीवरची मोटर बंद करते, मेलेल्या झाडांमधून हळहळत फिरते, आणि त्याच पायांनी धुऱ्याकडे जाते. कशाला? शोभाशी भांडायला. धुरा ओलांडून तिच्या वावरात घुसून भांडायला. तिच्या बाजूचे ठिपके बरोबर मी पाय ठेवते तिथून सुरू होत होते. तिच्या पाण्यानं माझं काही नेलं नव्हतं. मीच माझ्या चपलांना लावून रोग तिच्या घरी पोचवला होता, आणि वर तोंड करून तिलाच बोलले होते.

मी आक्काला कागद दाखवला आणि सगळं सांगितलं. आक्कानं कागदाकडं पाहिलं, काड्यांकडं पाहिलं.

"मग हितं काय बसलीस? घरी जा की."

"आणि तुमचं रान?"

"कळायला दोन हंगाम जात्याल. ह्या दोन वळींतलं बी औंदा कुनाला देनार न्हाई, आमटीला वापरू. पुढल्या साली येऊन तू तुज्या डोळ्यांनी बगायचं काय उगवलं ते. पाहुनी म्हनून न्हाई, कामाला."

निघताना तिनं लाल दोऱ्याचा गुंडा माझ्या हातात ठेवला. कोरेगावच्या बाजारातून मी पेढे आणि प्लास्टिकच्या चपलांचे दोन जोड घेतले, एक लाल, एक निळा.

घरी

मास्तरांना मी आल्या आल्या सांगितलं, वावर मक्त्यानं जाणार नाही. यंदा तिथे ज्वारी, पुढच्या उन्हाळ्यात खोल नांगरट, आणि विहिरीजवळ चर खणून एक छोटा तुकडा हरभऱ्याचं सासर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आणि भांडण?" मी उत्तर न देता पेढ्यांचा पुडा आणि चपला घेऊन निघाले. या खेपेला रस्त्यानं, फेरा घालून.

शोभा तिच्या खळ्यात मुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मला रस्त्यानं येताना पाहून तिचा हात थांबला. मी तिच्यासमोर चपला ठेवल्या, कागद ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं. "पाणी नव्हतं शोभा. माह्ये पाय होते. तुह्यं वावर मी खराब केलं."

ती कागद न बघताच म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय?"

"माह्यं पयलं झाड वाळलं ते तुह्या वाटेवरच वाळलं. मंग दुसरं, तिसरं, सारे तुह्याच पायाखालचे. मले काय दिसत नाही काय व?"

"मंग बोलली काहून नाही? इतके दिवस माह्ये बोल ऐकून घेतले तू!"

शोभानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"बोलली असती तं तू त्या वाटेनं येणं बंद केलं असतं. भांडाले का होईना, येत तं होती."

पेढ्याचा पुडा मी हातातच धरून ठेवला होता. शोभानं सूप बाजूला ठेवलं, निळा जोड उचलून पायात घातला आणि उभी राहिली.

"चाल. कुठून कसं जाचं, दाखव मले."